जर्बिल घरी आणताना: टाकी भरण्यापासून पिल्लं देईपर्यंत

कुकरची पहिली शिट्टी झाली की आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीतून धप-धप-धप असा आवाज येतो. जर्बिल, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, मागचे दोन्ही पाय जमिनीवर आपटून बाकीच्यांना सांगतो की धोका आहे, बिळात चला. दोन सेकंदांत टाकी रिकामी दिसते. दुसऱ्या शिट्टीनंतर कागदाच्या ढिगातून एक नाक वर येतं, मिशा हलवत हवा हुंगतं, आणि मग एकेक करून सगळे बाहेर येतात. पाच वर्षं मी हे रोज बघते आहे, आणि अजूनही हातातलं काम थांबवून बघते.

हॅमस्टर आता बहुतेक पेट शॉपमध्ये असतो. जर्बिल क्वचित दिसतो, आणि दिसला तरी दुकानदाराला त्याच्याबद्दल फारसं सांगता येत नाही. तो हॅमस्टरसारखाच ठेवायचा, एवढंच सांगून डबा हातात दिला जातो. तिथूनच चुका सुरू होतात. म्हणून पहिल्यांदा आणणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

प्राणी कोणता आहे

घरी पाळला जातो तो मंगोलियन जर्बिल. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या, गवताळ माळांवरचा. वजन साधारण ६० ते १०० ग्रॅम, शेपटी अंगाएवढी लांब आणि केसाळ, टोकाला झुबका. आयुष्य तीन ते चार वर्षं. हॅमस्टर दिवसभर झोपतो आणि एकटाच राहतो. जर्बिल दिवसाही जागा असतो, दोन-तीन तास उद्योग आणि मग झोप अशा पाळ्या करतो, आणि एकटा ठेवला तर कोमेजतो. तो कुटुंबात राहणारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बीळ खणणारा प्राणी आहे.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण पुढे पैदाशीच्या वेळी तो कामाला येतो. १८६६ मध्ये आर्मां दाव्हिद या फ्रेंच मिशनऱ्याने याचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयाकडे पाठवले. १९३५ मध्ये आमूर नदीच्या खोऱ्यातून पकडलेल्या २० जोड्या जपानला नेल्या गेल्या. त्यांच्या वंशातल्या ११ जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेसाठी पाठवल्या, आणि त्यांतल्या फक्त ५ माद्या व ४ नरांची प्रजा पुढे वाढली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत असलेले बहुतेक जर्बिल या मूठभर प्राण्यांचे वंशज आहेत. म्हणजे रक्त आधीच जवळचं आहे. भाऊ-बहिणीची जोडी लावण्याआधी हे डोक्यात असू द्या.

आधी स्वतःच्या घराची हवा बघा

हा कोरड्या हवेचा प्राणी आहे. तापमान १८ ते २४ अंश आणि दमटपणा ५० टक्क्यांच्या आत, हे त्याला सगळ्यात मानवतं. नाशिक, संभाजीनगर, सोलापूरकडे वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते, तिथे प्रश्न मे महिन्यातल्या उन्हाचा. मुंबई, कोकण, गोवा इथे प्रश्न दमटपणाचा. दमट हवेत जर्बिलचे केस तेलकट होऊन उभे राहतात, नाकाशी लाल चट्टे पडतात. पावसाळ्यात एसीची किंवा डीह्युमिडिफायरची सोय होणार नसेल, तर किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी हा प्राणी आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्राणी तगतो, पण सुखात नसतो.

उन्हाळ्यासाठी आमच्याकडे साधा उपाय आहे: टाकीत शहाबादी फरशीचे दोन तुकडे. एक टाकीत, दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून गार होत ठेवलेला, आणि दुपारी पुसून अदलाबदल. फरशी गार राहते, जर्बिल तिच्यावर पोट टेकून पसरतो, आणि खडबडीत बाजू वर ठेवली तर नखंही घासली जातात. वीज गेली तर टाकीच्या बाहेरून ओला टॉवेल गुंडाळायचा, आतली हवा ओली होऊ द्यायची नाही. टाकीवर ऊन कधीच पडता कामा नये, काचेत उष्णता साचून अर्ध्या तासात प्राणी जाऊ शकतो.

टाकी आणि तिच्यातली माती

माती म्हणजे खरी माती नव्हे, खणण्याचा भराव. जर्बिल पाळण्यातलं निम्मं काम या भरावात आहे. टाकी महाग असून उपयोग नाही, भराव उथळ असेल तर प्राणी दिवसरात्र काचेचा कोपरा खरवडत बसतो. ते खरवडणं खेळ म्हणून केलेलं नसतं. त्याला बिळाची गरज असते आणि ते मिळत नसतं.

जोडीसाठी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच घ्या. मत्स्यालयवाल्याकडे पाणी गळणारी जुनी टाकी बरीच स्वस्त मिळते, आणि आपल्याला पाणी भरायचंच नाही. वर लोखंडी चौकटीत पाव इंची जाळी बसवून घ्या. अर्ध्या इंचाची जाळी मोठ्यांना चालते, पण तीन आठवड्यांचं पिल्लू तिच्यातून निघून जाऊ शकतं. प्लास्टिकचा तळ असलेला तारेचा पिंजरा घेऊ नका. प्लास्टिक आठवड्यात कुरतडलं जातं, भराव बाहेर सांडतो, आणि तारा चावून तोंडावरचे केस जातात.

भराव दहा ते बारा इंच, एका बाजूला त्याहून जास्त असला तर उत्तम. मी तो असा भरते: तळाशी कागदाच्या पट्ट्यांचा थर (ऑफिसच्या श्रेडरमधून निघतात त्या, चकचकीत मासिकांच्या नकोत), त्यावर सुक्या गवताचा थर, त्यावर फाडलेले अंड्यांचे ट्रे आणि पुठ्ठा, मग पुन्हा कागद. प्रत्येक थर हाताने घट्ट दाबायचा. नुसता कागद टाकला तर बीळ ढासळतं, गवताच्या काड्या मध्ये आल्या की बोगदा उभा राहतो. भरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या कडेने पाहा. एक बोगदा तळापर्यंत गेलेला असतो, कोपऱ्यात बारीक चिरलेल्या कागदाची गादी असते, आणि तिच्या शेजारी वेगळ्या खोलीत ज्वारीचे दाणे रचलेले असतात.

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्यात प्लायवूडचा डिंक, पॉलिश आणि बारीक धूळ असते. देवदार आणि पाइनच्या वासाच्या लाकडानेही त्यांच्या श्वासाला त्रास होतो. कापूस नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात.

जड वस्तू भरावावर ठेवू नका. फरशी, वाळूचं भांडं, लाकडी ओंडका हे सगळं टाकीच्या तळावर किंवा तळापासून उभ्या केलेल्या लाकडी मंचावर हवं. नाहीतर खालून बीळ खणलं जातं आणि वस्तू प्राण्यावर बसते.

वाळूचं भांडं रोज हवं. जर्बिल पाण्याने अंघोळ करत नाही, वाळूत लोळून अंगावरचं तेल काढतो. बांधकामावरची क्रश वाळू धारदार आणि धुळकट असते, ती नको. नदीची बारीक वाळू चाळा, धुवा, वाळवा, मग कढईत खरपूस तापवून गार करा. धूळ उडत नसेल तर ती योग्य झाली.

चाक द्यायचं असेल तर किमान आठ इंच व्यासाचं आणि भरीव, पट्ट्या-पट्ट्यांचं नको, शेपटी अडकते. पाण्याची छोटी बाटली बाहेरून लटकवा आणि नळी रोज बोटाने दाबून बघा. जर्बिल दिवसाला काही मिलिलिटरच पाणी पितो, त्यामुळे नळी तुंबली तरी बाटलीकडे बघून कळत नाही.

सफाई सोपी आहे. वाळवंटी सवयीमुळे लघवी फार थोडी असते, वास जवळजवळ येत नाही. पाच-सहा आठवड्यांनी अर्धा-दोनतृतीयांश भराव बदला आणि उरलेला जुना त्यात मिसळा. सगळा एकदम काढलात तर त्यांच्या घराचा वास जातो, आणि शांत जोडीतही मारामारी होऊ शकते.

कुठून आणायचे, आणि काय आणायचं नाही

ज्याच्याकडे आईबाप बघता येतात अशा माणसाकडून पिल्लं घ्या, तेही सहा-आठ आठवड्यांची, एकाच लिंगाची दोन. दुकानातून घेणार असाल तर २०१८ च्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या नियमांखाली दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते, ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. विचारायला संकोच करू नका.

रानातून उचलून काहीही आणायचं नाही. खारीचं पडलेलं पिल्लू नाही, शेतात सापडलेला उंदीर नाही. आपला शेकरूही याच कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला, आणि त्याला पकडणं-पाळणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्या माळावर आणि शेताच्या बांधावर भारतीय जर्बिल राहतो, तो मंगोलियन जर्बिलपेक्षा वेगळा प्राणी. प्लेगचा जंतू रानात टिकवून ठेवणाऱ्या उंदरांमध्ये त्याची गणना होते. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण निघाले तेव्हाची भीती आमच्या आईला अजून आठवते. मी जर्बिल आणले त्या दिवशी तिने पहिला प्रश्न तोच विचारला. पिढ्यान्‌पिढ्या घरात वाढलेल्या प्राण्याची गोष्ट वेगळी आहे, हे तिला पटवायला मला वेळ लागला, पण तिचा प्रश्न योग्य होता. घरातल्या जर्बिलला हात लावल्यावरही साबणाने हात धुवायचे, आणि घरात येणारे बाहेरचे उंदीर टाकीपर्यंत पोचू द्यायचे नाहीत, धान्याच्या वासाने ते येतात.

आणखी एक, कंटाळा आला म्हणून मोकळ्या माळावर सोडून द्यायचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत जर्बिल पाळायलाच बंदी आहे, कारण तिथल्या कोरड्या प्रदेशात सुटलेले प्राणी तग धरतील अशी भीती आहे.

पहिला महिना

आणल्यावर दोन-तीन दिवस नुसतं खाणंपाणी, बाकी हात नाही. मग रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं हात टाकीत सपाट ठेवून बसा. तळहातावर भोपळ्याची एक बी. पहिल्या दिवशी बी पळवली जाते. चौथ्या-पाचव्या दिवशी पुढचे दोन पाय हातावर टेकतात. दहाव्या दिवसाच्या आसपास सगळा प्राणी हातावर बसून बी सोलतो, आणि टरफल तुमच्या मनगटावर पडतं. त्याआधी पकडायला जाऊ नका.

उचलताना दोन्ही हातांची ओंजळ खालून. शेपटीला धरून कधीही नाही. जर्बिलच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसतं हाड उरतं. ती परत येत नाही. घरात लहान मुलं असतील तर हे पहिल्या दिवशी सांगा, आणि मुलांनी जमिनीवर बसूनच हातात घ्यायचं, उभं राहून नाही.

काही जर्बिलना आकडी येते. साधारण दोन महिन्यांच्या वयापासून, नव्या जागी नेल्यावर किंवा अचानक हाताळल्यावर प्राणी ताठ होतो, कान मागे जातात, मिशा आणि अंग थरथरतं. मिनिट-दोन मिनिटांत तो सावरतो. त्या वेळी तोंडात काही घालू नका, पाणी शिंपडू नका. दिवे मंद करा, आवाज बंद करा. लहानपणापासून हळूहळू हाताळलेल्यांना हा त्रास कमी होतो.

खाणं

आपल्याकडे यासाठी परदेशी पाकिटाची गरज नाही, किराणा दुकान पुरतं. मी राळा, वरई, ज्वारी, बाजरी, जव आणि ओट्स मिसळते, वर चमचाभर जवस. एका जर्बिलला दिवसाला दहा ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट टेबलस्पून. आठवड्यातून दोनदा प्रथिनांसाठी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा किंवा मीलवर्म नावाच्या वाळवलेल्या अळ्या. गाजर, काकडी अंगठ्याच्या पेराएवढी, तीही दोनदाच. जास्त ओलं खाल्लं की शी पातळ होते.

सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे त्यांना इतके आवडतात की भांड्यातून तेवढेच वेचून बाकीचं ते सोडून देतात. त्या हातानेच द्यायच्या, दिवसाला दोन-तीन. आधीचं संपेपर्यंत भांडं पुन्हा भरू नका. कांदा, लसूण, लिंबू-संत्री, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, चॉकलेट आणि फरसाण यांतलं काहीही नाही.

दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला रोज पुठ्ठा आणि न फवारलेल्या पेरूच्या वाळक्या फांद्या.

डॉक्टर आधी शोधा

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सगळीकडे असतात. कृंतक तपासणारे शोधावे लागतात, आणि प्राणी आजारी पडल्यावर शोधायला वेळ नसतो. फोन करून विचारून ठेवा. एक गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा: स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक जर्बिलना घातक ठरतं, ते असलेलं औषध लिहिलं जात असेल तर तिथेच विचारा.

किचनच्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन करून वहीत लिहा. आठवड्यात पाच-सात ग्रॅम घटलं तर काहीतरी चुकतं आहे. डोळ्यांभोवती किंवा नाकाला लाल दिसलं तर घाबरू नका, बहुधा ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो, आणि ताण किंवा वाळूची अंघोळ नसेल तर तो साचतो. पण तो दोन दिवसांत कमी व्हायला हवा. म्हातारपणी पोटावरच्या गंधग्रंथीवर गाठ येऊ शकते आणि कानाच्या आतल्या वाढीमुळे मान एका बाजूला कलू शकते, दोन्हींसाठी डॉक्टरकडेच जायचं. जुलाब, पाठ वाकवून बसणं आणि अचानक मरगळ ही मात्र त्याच दिवशी नेण्याची लक्षणं. टिझरचा आजार (जंतूंमुळे होणारा, आतडी आणि यकृताचा) जर्बिलला पटकन होतो, आणि दूध तुटलेली पिल्लं त्यात सगळ्यात आधी जातात.

पैदास: आधी घरं, मग जोडी

एका दुकानातून "दोघी बहिणी आहेत" असं सांगून मला पहिली जोडी मिळाली होती. मी तपासून घेतलं नाही. पाचव्या आठवड्यात टाकीच्या कोपऱ्यातून चिवचिव ऐकू आली, आणि गादीत पाच गुलाबी पिल्लं होती. मला आनंदच झाला. मादी व्यायल्यानंतर त्याच रात्री पुन्हा माजावर येते, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या वेताचं दूध तुटतं न तुटतं तोच सहा पिल्लांचं दुसरं वेत आलं. भर जुलैत तेरा प्राणी, एक टाकी, आणि त्यांना घ्यायला कुणी नाही. त्यातली दोन पिल्लं माझ्या गडबडीत गेली. गर्दीत मोठी भावंडं नवजातांवरून धावत होती, आणि मी वेगळं करायला उशीर केला होता. म्हणून आता माझा नियम पक्का आहे: किमान एक वर्ष दोन सारख्या लिंगाचे जर्बिल नीट सांभाळल्याशिवाय जोडी लावायची नाही, आणि आठ-दहा पिल्लांसाठी नाव सांगता येतील अशी घरं ठरल्याशिवाय तर नाहीच.

टाक्या तीन हव्यात. दोन भरलेल्या, एक तयार.

जोडी निवडताना मादी चार-पाच महिन्यांची असावी, दीड वर्षाच्या पुढची पहिलटकरीण नको. नर धडधाकट, हाताला शांत. दोघांनाही आकडी येत नसावी, आणि दोघांचं रक्त शक्य तितकं लांबचं. रंगाच्या मागे लागू नका, पण एक रंग समजून घ्या. कपाळावर आणि मानेवर पांढरा ठिपका असलेले जर्बिल फार गोड दिसतात. ठिपकेवाल्याची जोडी ठिपकेवाल्याशी लावू नये. ठिपक्याचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर ते पिल्लू जगत नाही, म्हणजे सरासरीने चारातलं एक वाया जातं. एक ठिपकेवाला आणि एक साधा अशी जोडी चालते. काळा रंग अप्रभावी असतो: दोन सोनेरी जर्बिलच्या रक्तात काळा दडलेला असेल, तर चारात एक पिल्लू काळं निघतं.

दोन अनोळखी मोठे जर्बिल एकदम एकत्र टाकले तर ते एकमेकांना मारू शकतात. हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही. त्यासाठी टाकीच्या मधोमध पाव इंची जाळीची भिंत उभी करा, वरखाली फट न ठेवता. दोघं दोन बाजूंना. दिवसातून दोन-तीनदा त्यांच्या बाजू बदला, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या वासात झोपावं लागतं. आठ-दहा दिवसांनी ते जाळीशी शेजारी शेजारी झोपू लागले की सुट्टीच्या दिवशी सकाळी जाळी काढा, आणि दिवसभर शेजारी बसा. जाड चामडी हातमोजे आणि एक रुंद डबा जवळ ठेवा.

मागच्या डिसेंबरात लावलेल्या जोडीत जाळी निघाल्यावर मादी सरळ त्याच्या तोंडाशी गेली, हुंगलं, आणि मान खाली घालून अंग चोरून बसली. त्याने तिच्या कानामागचे केस चाटायला सुरुवात केली. तेव्हा मी श्वास सोडला. असं झालं की जमलं. पाठलाग, थोडी ढकलाढकल चालते. केस फुलवून बाजूने चाल करणं ही सूचना. दोघं एकमेकांना धरून चेंडूसारखे गडगडले, तर ताबडतोब डब्याने वेगळे करा, नुसता हात घालू नका, आणि पुन्हा जाळीपासून सुरू करा.

गाभण मादी आणि वेत

गाभणपणाचे दिवस २४ ते २६. पोट शेवटच्या आठवड्यातच कळतं, वरून पाहिलं की प्राणी पेरूसारखा दिसतो. या काळात रोज थोडं अंडं किंवा मीलवर्म, ओट्स जास्त, आणि गादीसाठी बिनवासाचा टिश्यू पेपर. चाक काढून ठेवा, नाहीतर त्याखाली किंवा त्याच्यातच गादी होते. टाकीच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवा, आमच्या आजीच्या दुधाच्या कपाटासारखे. लाल मुंग्या नवजात पिल्लांना सोडत नाहीत.

वेतात साधारण चार ते सहा पिल्लं असतात. जेमतेम तीन ग्रॅमची, केस नाहीत, डोळे-कान बंद. पहिलं वेत काही वेळा पूर्ण जातं, त्यात तुमची चूक असेलच असं नाही. पहिले सात-आठ दिवस गादीला हात लावू नका. मेलेलं पिल्लू दिसलं तर आई दूर असताना चमच्याने काढा. बाप जर्बिल उत्तम बाप असतो. आई खायला बाहेर आली की तो गादीत जाऊन बसतो, पिल्लांना चाटतो, बाहेर रांगलेल्याला तोंडात धरून परत आणतो. त्याला काढायची घाई करू नका.

आठवड्याने पाठीवर मखमल येते आणि रंग कळू लागतो. नवव्या-दहाव्या दिवशी नर-मादी ओळखायची चांगली संधी असते: मादीच्या पोटावर स्तनांचे बारीक ठिपके दिसतात, पुढे ते केसांत झाकले जातात. याच सुमारास रोज एक-दोन मिनिटं हातात घ्यायला सुरुवात करा, आधी हात त्यांच्याच जुन्या भरावात घोळवून. सोळा ते वीस दिवसांत डोळे उघडतात, आणि तेव्हाच दाणे कुरतडणं सुरू होतं. पाण्याची नळी खाली घ्या. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं दचकली की कढईतल्या लाह्यांसारखी उडतात. या दिवसांत टाकीबाहेर काढताना खाली बसूनच.

दुसऱ्या वेताचं असं करा. ते बहुधा येणारच, हे धरून चाला. अंगावर पिणारी पिल्लं असताना गर्भ थांबून राहतो, त्यामुळे दुसरं वेत २५ दिवसांऐवजी पाच-सहा आठवड्यांनी येतं. तोपर्यंत पहिली पिल्लं वेगळी करण्याच्या वयाची झालेली असतात. आई पुन्हा पेरूसारखी दिसू लागली, पिल्लं पाच आठवड्यांची झाली, की बापाला त्याच्या मुलग्यांसह दुसऱ्या टाकीत हलवा. मुली आईजवळ राहू द्या, त्या नवजातांची ऊब धरतात. बाप त्या रात्री तिथे नाही, म्हणजे तिसरं वेत नाही. दोन वेतांवर थांबा. मुली मात्र आठ आठवड्यांच्या झाल्या की दोन-दोन करून वेगळ्या टाकीत न्या. तीन-चार मोठ्या माद्या एकत्र क्वचितच सुखाने नांदतात.

या वयात नर ओळखणं सोपं होतं. शेपटीच्या मुळाशी फुगीर, गडद भाग दिसतो आणि लघवीच्या आणि शीच्या छिद्रांतलं अंतर मादीपेक्षा बरंच जास्त असतं. दोन पिल्लं शेजारी धरून तुलना करा, एकट्याकडे बघून ठरवू नका. मला "बहिणी" म्हणून मिळालेल्या जोडीला एवढंच कुणी केलं असतं तर पुरे होतं.

पिल्लं देताना

नेहमी दोन. एकच मागणाऱ्याला मी देत नाही, कितीही ओळखीचा असो. घेणाऱ्याची टाकी आधी बघते, फोटो चालतो, पण भरावाला पट्टी लावलेला फोटो. आठ इंचांच्या खाली असेल तर पुठ्ठा आणि कागद मीच पाठवते आणि आठवड्याने देते.

डब्यात त्यांच्याच टाकीतला दोन मुठी जुना भराव, एक पुठ्ठ्याची नळी, आठवड्याभराचं खाणं, आणि एक चिठ्ठी: जन्मतारीख, आईबापांचे रंग, आकडीचा इतिहास, आजचं वजन, डॉक्टरचा नंबर. शेवटची ओळ सगळ्या चिठ्ठ्यांवर तीच असते: जमलं नाही तर मला परत आणून द्या, कारण विचारणार नाही. आजवर दोनदा पिल्लं परत आली. एकदा बदलीमुळे, एकदा मुलाच्या दम्यामुळे. म्हणून माझी तिसरी टाकी आजही भरून, गवत दाबून, झाकण लावून कोपऱ्यात तयार असते.